आमची वाटचाल : पाटी नव्हे, बीड वाचा

जुने ट्रॅक्टर उघडून पुन्हा उभे करायचे आणि ते कोणत्या साली बनले हे लेखी द्यायचे, ही आमच्या वर्कशॉपची दोन कामे. पहिल्याने घर चालते, दुसऱ्याने नाव होते. त्या दुसऱ्यानेच एकदा शटर ओढायची पाळी आणली होती. त्याआधीची आणि नंतरची वर्षे सुरळीत गेली, त्यांच्यावर लिहिण्यासारखे फारसे नाही.

तो घोळ फोर्डच्या एन मालिकेतल्या ट्रॅक्टरांचा. ९एन १९३९ पासून, २एन १९४२ पासून, ८एन १९४७ ते १९५२. नंबर इंजिनाच्या डाव्या अंगाला, हेडच्या खाली, ऑइल फिल्टरच्या मागच्या सपाट जागेवर ठोकलेला असतो. सुरुवातीला आणि शेवटी तारा. सगळी गोम इथेच आहे: नंबर इंजिनावर आहे, ट्रॅक्टरच्या मागच्या अर्ध्या अंगावर नाही. इंजिन बदलले की जन्मसालही बदलले!

आमच्याकडे इंजिन एकटेच स्टँडवर आले, मागच्या भागाचे फक्त फोटो. फोटोत खालचे बीड, म्हणजे ओतीव लोखंडाचे अंग, लाल आणि पत्रा राखाडी, म्हणजे दिसायला चोख ८एन. ब्लॉकवरचा ठसाही ८एनचा, डिस्ट्रिब्युटर (प्लगना स्पार्क वाटणारा भाग) पुढून बसणारा. नंबर २६३८४४ च्या अलीकडचा, तेव्हा डिस्ट्रिब्युटर पुढेच असायला हवा. बाजूचा डिस्ट्रिब्युटर त्या नंबरापासून, १९५० मध्ये आला. सगळे जुळले. आम्ही १९४९ लिहून दिले.

ज्याने तो ट्रॅक्टर घेतला तो सीटवर बसला आणि चौथा गिअर शोधत राहिला. चौथा गिअर नव्हताच. ९एन आणि २एनला तीन गिअर पुढचे, ८एनला चार. मग डावा ब्रेक डाव्या पायाशी, क्लचजवळ सापडला. ८एनला दोन्ही ब्रेक उजवीकडे असतात. मागच्या चाकाच्या हबवर बोल्ट सहा, आठ नव्हेत. सीटखाली पोझिशन कंट्रोलची, म्हणजे अवजाराची उंची ठरवणारी, ती छोटी दांडीही नाही. म्हणजे मागून ९एन किंवा २एन, पुढून ८एनचे इंजिन, वरून ८एनचा पत्रा आणि रंग. यातली एकही गोष्ट फोटोवरून ठरवायची नसते. आम्ही ठरवली, ती चूक आमचीच.

ट्रॅक्टर परत घ्यावा लागला. घेणाऱ्याने ८एनचे ब्रेक आणि हबचे सामान आधीच आणून ठेवले होते, तेही आमच्या अंगावर आले. आठ महिने नवे काम नाही. जुन्या गिऱ्हाइकांचे फोन आले ते फक्त पैसे कधी देताय ते विचारायला. शेजारच्या धंद्यातले एक वर्कशॉप सांगत सुटले, की यांना गिअर मोजता येत नाहीत. हे सांगणारे तेच, जे हरवलेल्या नंबरच्या पाटीच्या जागी हवे ते साल कोरून नवी पाटी रिव्हेटने ठोकून देतात! आमची चूक अज्ञानाची होती, त्यांचा तो धंदाच आहे. हे दुखणे अजून गेलेले नाही आणि आम्ही ते लपवतही नाही.

सावरले ते पहिल्या भागीदारांच्या वहीमुळे. ते धंद्यातून केव्हाच बाहेर पडले होते, पण लांब फुलस्केपची वही सोडून गेले होते. प्रत्येक ट्रॅक्टरला एक पान आणि पानावर तीन रकाने: पाटी काय म्हणते, बिडावर काय ओतले आहे, दांड्या-पेडल कुठे आहेत. तिन्ही जुळल्याशिवाय चौथा रकाना, म्हणजे साल, कोराच. ती वही आम्ही वर्षानुवर्षे कपाटावर टाकून ठेवली होती. घोळानंतर खाली काढली, आता तिच्याशिवाय स्पॅनरला हात लावत नाही.

पहिले काम धुण्याचे. ठसा वाचायचा असेल तर वायर ब्रश, ग्राइंडर आणि सँडब्लास्टिंग लांब ठेवा. रॉकेल आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. जागा कोरडी झाली की पांढरा खडू आडवा घासा आणि टॉर्च समोरून न मारता बाजूने, तिरपा मारा. आकडे आपोआप उभे राहतात. तरीही फसगत होतेच: फोर्डच्या ठशातला ८ अनेकांना इंग्रजी बी वाटतो आणि मग ते 'बीएन' नावाचे मॉडेल शोधत बसतात. दुसरा फास त्याहून वाईट. २एनचा ठसा ९एन म्हणूनच पडलेला असतो. नुसत्या अक्षरांवर साल लावलेत तर सरळ तीन-चार वर्षांची चूक.

फर्ग्युसनच्या राखाडी टीई२० ला नंबरची पाटी असते आणि तिथे अक्षरेच अर्धी गोष्ट सांगतात. टी म्हणजे ट्रॅक्टर, ई म्हणजे इंग्लंड. अमेरिकेत बनलेल्याला टीओ. तिसरे अक्षर नसेल तर कॉन्टिनेंटल इंजिन, ए म्हणजे स्टँडर्ड कंपनीचे पेट्रोल इंजिन, डी म्हणजे टीव्हीओ (रॉकेलसारखे ट्रॅक्टरचे इंधन), एफ म्हणजे डिझेल. सी आणि ई ही अरुंद बांध्याची भावंडे. टीव्हीओ १९४९ पासून, डिझेल १९५१ पासून, सगळे उत्पादन १९५६ ला संपले. पाटी मूळचीच आहे का हे बघायला तिच्या मागचा रंग बघा. पाटीखाली ताजा रंग असेल तर पाटी एकदा तरी निघालेली आहे.

पुढे फर्ग्युसनचाच १९५६ चा एफई३५, राखाडी पत्रा आणि सोनेरी बीड. १९५७ च्या अखेरीपासून मॅसी फर्ग्युसन ३५ लाल. डिझेल ३५ मध्ये इंजेक्टर मोजा: चार म्हणजे स्टँडर्डचे २३सी, तीन म्हणजे पर्किन्सचे ए३.१५२, जे १९५९ च्या सुमारास आले. इथेही इंजिन बदलल्याचे प्रकार पुष्कळ. चार सिलिंडरचे थंडीत उठायला नखरे करायचे म्हणून लोकांनी तीनचे बसवले.

बाकी बिडावरच्या तारखांबद्दल एकच नियम. ट्रॅक्टर त्याच्या सर्वांत नव्या मूळ भागापेक्षा जुना असू शकत नाही. लुकास कंपनीच्या डायनॅमोवर, स्टार्टरवर महिना आणि साल ठोकलेले असते, ते उपयोगी पडते. पण हे भाग सगळ्यांत आधी बदलले जातात, म्हणून त्यांची साक्ष एकटीने चालत नाही. टायरचे साल तर कोणी सांगूच नये.

आता दांड्या. कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण निम्मी बिघाडाची कामे बिघाडाची नसतातच. 'लिफ्ट उचलत नाही' म्हणून आलेल्या टीई२० किंवा एन फोर्डचा पंप उघडण्याआधी डाव्या बाजूची पीटीओची (मागच्या अवजाराला इंजिनाची ताकद देणाऱ्या शाफ्टची) दांडी बघा. यांचा हायड्रॉलिक पंप पीटीओच्या शाफ्टवरच फिरतो. दांडी सुटलेली असेल तर लिफ्ट मेलेलीच. क्लच दाबलात तरी लिफ्ट थांबते, तो दोष नव्हे. मॅसी ३५ च्या दुहेरी क्लचमध्ये पेडल अर्धे दाबले की चाके सुटतात, पूर्ण दाबले की पीटीओही थांबतो. ज्याला ही दुसरी पायरी पायाला जाणवत नाही, त्याने आधी क्लचची सेटिंग बघावी. टीई२० ला स्टार्टरची वेगळी कळ नाही. गिअरची दांडीच इंग्रजी 'एस'च्या, म्हणजे स्टार्टच्या, खुणेवर न्यायची. एसवर नेऊनही स्टार्टर गप्प असेल, तर बॅटरीच्या आधी दांडीखालचा स्विच तपासा.

बॅटरी जोडताना मात्र हात आवरा. यांतल्या बऱ्याच गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे प्लसची तार बॉडीला. सवयीने उलटी जोडली तर कॉइलचा स्पार्क कमजोर पडतो आणि डायनॅमोचे ध्रुव उलटतात. मध्ये कोणी अल्टरनेटर बसवला असेल, तर त्याला कुठला अर्थ लागतो हे पाहिल्याशिवाय तार लावू नका, नाहीतर डायोड जळतील. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा (उघडझाप करून स्पार्क पाडणाऱ्या जोडीचा) गॅपही मॉडेल ठरवल्याशिवाय लावू नका: ८एनच्या पुढच्या डिस्ट्रिब्युटरला ०.०१५ इंच, बाजूच्याला ०.०२५. पुढचा डिस्ट्रिब्युटर काढून टेबलावर घेऊनच गॅप लावा. फॅनमागे बोटे घालून फिलर गेज (गॅप मोजायची पट्टी) फिरवणाऱ्याचा गॅप कधीच बरोबर निघालेला पाहिला नाही.

ज्या आठ महिन्यांत कोणी फिरकत नव्हते, तेव्हा एकच गिऱ्हाईक न चुकता येत राहिले. त्यांचा राखाडी टीईडी२०. टाकीचे दोन कप्पे, पेट्रोलचा छोटा आणि टीव्हीओचा मोठा. पेट्रोलवर सुरू करायचा, इंजिन चांगले तापले की तोटी फिरवायची आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचा, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीत दुसऱ्या दिवशीसाठी पेट्रोल राहते. हा शेवटचा टप्पा विसरला की सकाळी हँडल मारून खांदे जातात. थंड इंजिन टीव्हीओवर चालवले तर ते न जळता पिस्टनवरून खाली उतरते आणि ऑइल पातळ करते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल बदला.

त्यांच्या ट्रॅक्टरची पाटीच गेलेली आहे. शेजारच्या त्या वर्कशॉपने नवी करून देतो म्हटले होते, त्यांनी नको म्हटले. टाकी आणि मॅनिफोल्ड टीव्हीओचे, म्हणजे १९४९ च्या आधीचा नाही. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजला तो ८० मिलिमीटरचा निघाला. स्टँडर्डने १९५१ च्या सुरुवातीला तो ८५ केला. लायनर (सिलिंडरमधली नळी) बदलून ८० चे ८५ करतात, उलटे कोणी करत नाही. डायनॅमोवरचा ठसा त्याच दोन वर्षांतला. वहीत चौथ्या रकान्यात '१९४९ ते १९५०' लिहिले, पाटीचा रकाना रिकामा सोडला. डॅशवर रिव्हेटची भोके आहेत तशी आहेत. रंग मारायला घेतो तेव्हा ती बुजू नयेत म्हणून त्यांत काड्या खोवून ठेवतो.