मेणवलीच्या घाटावर बाजारपेठ उभी करताना

परवा पहाटे आमचा शेवटचा ट्रक सुरूर फाट्यावरून हायवेला लागला आणि वाईजवळच्या मेणवलीचं काम संपलं. पुढच्या हंगामात आणखी काही जण तिथे शूटिंगचे सेट लावायला जाणार आहेत असं कानावर आलंय, म्हणून सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते. मी आर्ट डिपार्टमेंटमध्ये सेटचं बांधकाम सांभाळते. डिझाइन दुसऱ्याचं असतं, ते उभं करणारी माणसं माझ्या ताब्यात असतात.

काम असं होतं: कृष्णाकाठच्या घाटाजवळ पेशवाईतली बाजारपेठ, ११ दुकानांच्या दर्शनी बाजू आणि शेवटी १८ फुटी वेस. मुंबईहून ३४ माणसं नेली. १४ कारपेंटर, प्लास्टरची नक्षी करणारे ६ मोल्डर, ७ पेंटर, ६ हेल्पर आणि त्यांचे मुकादम. वाई परिसरातून रोजावर दहा-बारा जण घ्यायचे ठरलं होतं.

निघायच्या आधीच्या मीटिंगमध्ये १६ दिवसांचं शेड्यूल भिंतीवर लावलेलं होतं. महाशिवरात्रीला घाटावरच्या मेणेश्वराच्या देवळात गर्दी असते, ती टाळून दोन दिवसांनी सुरुवात, इतका विचार आम्ही केला होता. मुकादमांनी तो कागद शांतपणे वाचला आणि म्हणाले, "मॅडम, होली में कोई नहीं रुकेगा." मोजलं तर पौर्णिमा बरोबर पंधराव्या दिवशी येत होती. आमचे बहुतेक कारपेंटर उत्तर प्रदेशातले. त्यांची गावची तिकिटं दोन महिने आधीच काढलेली होती आणि कुणी आम्हाला विचारायला आलं नव्हतं, कारण विचारण्यासारखं त्यात काही नव्हतंच. मग काम १३ दिवसांवर आणलं, गोरेगावच्या वर्कशॉपमध्ये चार दिवस जास्त घेतले आणि जितकं तिथे बनवता येईल तितकं बनवून, नंबर टाकून नेलं.

होळी सावरली, पण स्थानिक माणसांचं गणित मला वाईला पोचल्यावरच कळलं. फाल्गुन म्हणजे तिथे हळद काढायचा, शिजवायचा आणि वाळवायचा हंगाम. उसाची तोड चालू असते. वर पाचगणीच्या बाजूला स्ट्रॉबेरीची तोडणी. रिकामा हात सापडत नाही. त्यात रंगपंचमीला बावधनचं बगाड असतं. भैरवनाथाचं ते बगाड बैल जुंपून ओढत नेतात, आणि आजूबाजूच्या गावांतला माणूस त्या दिवशी दुसरीकडे कामाला येईल ही अपेक्षाच करू नये. मी ती केली नाही, त्या दिवशी सुट्टी दिली आणि स्वतःही जाऊन आले. तुम्ही शेड्यूल करणार असाल तर महाशिवरात्र, होळी, रंगपंचमी आणि वाईच्या एकेका घाटावर होणारे कृष्णाबाईचे उत्सव आधी खुणा करून ठेवा. प्लाय कुठल्याही दिवशी मिळतो.

गोरेगावहून अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. खंबाटकीचा घाट चढताना भरलेला ट्रक मुंगीच्या पावलानं जातो, म्हणून रात्री निघून उजाडताना वाईत पोचणं उत्तम. मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटर, पण ट्रक घाटापर्यंत जात नाही. शेवटचा टप्पा बोळातून आणि पायऱ्यांवरून, हातानं. त्यामुळे दोन माणसांना पायऱ्या उतरून नेता येणार नाही असा एकही तुकडा मुंबईत बनवू नका. आमचे ८ बाय ४ चे फ्लॅट, म्हणजे सेटच्या खोट्या भिंतींचे सपाट तुकडे, व्यवस्थित उतरले, वेशीची कमान मात्र एकसंध आणली होती. ती उतरवायला आठ माणसं आणि अख्खी सकाळ गेली. शेवटी करवत लावून तिचे तीन भाग केलेच.

घाटाच्या जुन्या दगडाला एकही खिळा नाही, ही पहिली अट. ती कागदावर असो नसो, पाळायचीच. हा घाट नाना फडणवीसांच्या वेळचा आहे. देवळाजवळची मोठी घंटा वसईच्या पोर्तुगिजांकडून आलेली. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्या विजयाची ती खूण. अशा ठिकाणी आपण पाहुणे. म्हणून प्रत्येक फ्लॅटला मागून लाकडी टेका, टेक्याच्या पायावर वाळूची पोती, आणि दोर जिथे दगडाला घासेल तिथे गोणपाटाची घडी. संध्याकाळी नदीवरून वारा सुटतो. तिसऱ्या दिवशी मी घाईत दोन फ्लॅटांना एकेकच पोतं चालवून घेतलं आणि रात्री दोन्ही पालथे पडले. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. तेव्हापासून दर फ्लॅटला तीन पोती, आणि काम थांबल्यावर मुकादम आणि मी प्रत्येक टेका हातानं हलवून बघूनच निघायचो.

नदीची चौकशीही आधीच करा. वरच्या अंगाला धोम धरण आहे. पाणी सोडलं की खालच्या पायऱ्या बघता बघता पाण्यात जातात. पाटबंधारे खात्याच्या वाईच्या ऑफिसात जाऊन आवर्तनाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या, तारखा विचारा, आणि सामान वरच्या पायऱ्यांवरच ठेवा.

पीओपीबद्दल, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसबद्दल, थोडं सविस्तर लिहिते, कारण आमचे दोन दिवस तिथेच गेले. पीओपी आवळतो तो पंधरा-वीस मिनिटांत, पण वाळायला दिवस लागतात. नदीकाठी पहाटे दव पडतं, आणि सकाळी हात लावला तर खांबाची नक्षी गार, ओलसर लागायची. वरून कोरडी दिसली म्हणून पेंटरांनी एका खांबाला रंग दिला, दुसऱ्या दिवशी पापुद्रे सुटले. उपाय साधा होता: नक्षी मुंबईतच साच्यात ओतून वाळवून आणायची आणि तिथे फक्त सांधे भरायचे.

ते सांधे भरताना मोठ्या मिस्त्रींचं काम मी तासभर बसून पाहिलं. आधी घमेल्यात पाणी. मग पावडर मुठीनं चाळल्यासारखी पाण्यावर सोडत राहायची, पाण्यात छोटी छोटी बेटं दिसेपर्यंत. मग क्षणभर थांबून एकदाच ढवळायचं. काथ्याचे पुंजके त्यात बुडवून सांध्यात दाबायचे. आणि प्रत्येक घाण्यानंतर घमेलं खरवडून, धुऊन, बोटानं चाचपून बघायचं. मी विचारलं, इतकं कशाला? म्हणाले, जुना कण राहिला तर नवा माल हातातच आवळतो. जास्त वेळ हवा असेल तेव्हा ते चिमूटभर सरस घालायचे. यासाठी स्वच्छ पाण्याची वेगळी टाकी लागते. नदीचं गाळाचं पाणी देऊन त्यांच्याकडून चांगल्या कामाची अपेक्षा ठेवू नका.

आता जेवण. शूटिंग सुरू झाल्यावर केटरिंग येतं. बांधकामाच्या दिवसांत सेटिंगवाल्यांना कुणी विचारत नाही, आणि हे मला अनेक वर्षं खुपत आलंय. रोज वाईला जाऊन जेवायचं तर दीड तास मोडतो, आणि दमलेला माणूस परत येऊन करवत चालवतो तेव्हाच बोटं कापतात. गावातल्या बचत गटाच्या ताईंशी बोलून नाश्ता आणि दुपारचं जेवण घाटावरच आणवलं. पहिल्या दिवशी पिठलं-भाकरी आली. स्थानिक मंडळी खूश, आमच्या कारपेंटरांना भात हवा. ताईंनीच तोडगा काढला: दोन्ही करायचं, मात्र माणसं आदल्या रात्री मोजून कळवायची. शेवटच्या दिवशी मुकादमांनी त्यांना "दीदी, होली के बाद फिर आएंगे" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "या, पण भात किती टाकायचा ते आधी सांगा."

राहायला वाईतलं एक मंगल कार्यालय घेतलं होतं. मुहूर्त बघितले नाहीत. सहाव्या दिवशी तिथे लग्न आलं आणि ३४ माणसांचे बिछाने सकाळी सातला उचलावे लागले. बुकिंग करताना सगळ्या तारखा लिहून घ्या.

पैशाचं स्पष्ट सांगते. मुंबईच्या माणसांना दर शनिवारी खर्ची हवी, स्थानिकांना रोजच्या रोज. प्रॉडक्शनकडून रोकड यायला उशीर झाला आणि पाचव्या दिवशी स्थानिक मंडळी दुपारी हत्यारं ठेवून बसली. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मी गावातून उसने घेऊन संध्याकाळी वाटले. यापुढे स्थानिक मजुरीचे चार दिवसांचे पैसे स्वतःच्या बॅगेत असल्याशिवाय मी मुंबई सोडणार नाही. वहीत नाव, रक्कम, सही, आणि वाटप उजेड असताना.

धनुर्वाताची इंजेक्शनं निघण्यापूर्वीच सगळ्यांना द्या. १३ दिवसांत चार जणांच्या पायात खिळा गेला. थिनर आणि रंग लाकडापासून लांब, वाळूच्या बादल्यांशेजारी ठेवा, आणि विडी-सिगरेटची जागा ठरवून तिथे पाटी लावा.

शूटिंगनंतर सेट तोडायला मला दीड दिवस दिला होता. बोल्ट आणि स्क्रू वापरलेले भाग पटापट सुटले, खिळे ठोकलेले फोडावे लागले. पीओपीचा चुरा नदीत ढकलणं सगळ्यात सोपं असतं. आम्ही तो ५० पोत्यांत भरून ट्रकनं परत आणला. मग मुकादमांनी दोरीला मोठं लोहचुंबक बांधलं आणि एक हेल्पर ते पायरीपायरीवरून ओढत गेला. बायका या घाटावर अनवाणी कपडे धुतात, गुरं पाण्यावर येतात. पहिल्या फेरीत अर्धं घमेलं खिळे निघाले, दुसऱ्या फेरीत दोन मुठी. तिसऱ्या फेरीला अंधार पडला, तेव्हा धुणं घेऊन आलेल्या एका आजींनी मोबाइलचा उजेड धरला आणि फटीतले आणखी सात खिळे आम्ही बोटांनी वेचले. तोडायला तीन दिवस मागून घ्या.