तुम्ही विचारलंत म्हणून: शिरीनचा फरहाद

माझं नाव शिरीन आणि त्यापुढे अस्सल पुणेरी आडनाव. त्यामुळे ओळख झाली की दोन प्रश्न ठरलेले. पहिला लगेच येतो, "पारशी का हो तुम्ही?" दुसरा जरा सलगी वाढल्यावर, डोळे मिचकावून, "मग फरहाद कुठाय?" पहिला मी एका वाक्यात निकालात काढते. दुसऱ्यावर आजवर हसून वेळ मारून नेली. पण परवा एका लग्नात, पंगतीला शेजारी बसलेल्या काकूंनी तो चांगला मनापासून विचारला, आणि उत्तर जिलबी येईपर्यंत संपणारं नव्हतं. म्हणून इथे सांगते.

पारशी नाही. माझे आजोबा फारशी वाचायचे. पुण्यात इतिहासाचं वेड लागलेल्या माणसांची एक पिढी होती. मोडी तर त्यांना यायचीच, पण मोगलांचे नि आदिलशाहीचे कागद वाचायचे तर फारशीला पर्याय नसे. कवी माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, फर्ग्युसनमध्ये फारशी शिकवत, आणि 1925 साली त्यांचा फारशी-मराठी कोश निघाला. बांधणी सुटलेला तो कोश आजोबांच्या टेबलावर कायम असे. नातीचं नाव तिथून आलं. आजीला ते मुळीच पसंत नव्हतं. अर्थ 'गोड' असा आहे, हे कळल्यावर ती नरमली आणि बारशाला आलेल्यांना "मधुराच समजा" असं सांगत सुटली म्हणे.

आता फरहाद.

आपल्याकडे शिरीन एकटी येतच नाही. लैला-मजनू, हीर-रांझा, शिरीं-फरहाद अशी जोडीनेच येते. पारशी रंगभूमीने ती गावोगाव नेली. 1931 मध्ये 'आलम आरा'पाठोपाठ त्याच वर्षी 'शिरीन फरहाद' हा बोलपटही आला. तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र पक्कं बसलं आहे: पहार घेऊन डोंगर फोडणारा वेडा प्रेमी, आणि दूर कुठेतरी त्याच्यासाठी झुरणारी ती. शिरीनला त्यात काम काय, तर झुरणं.

ज्या काव्याने हे नाव अजरामर केलं त्याचं शीर्षकच मुळी 'खुस्रो व शिरीन'. गंजा शहरातल्या, म्हणजे आजच्या अझरबैजानमधल्या, निजामीने ते बाराव्या शतकाच्या शेवटी लिहिलं. फरहाद त्यात मध्येच येतो आणि मध्येच मरतो. गोष्ट आहे आर्मेनियाच्या राजकन्येची आणि इराणच्या बादशहाची. ही राजकन्या खुस्रोचं चित्र बघून प्रेमात पडते, आणि वाट बघत न बसता शिकारीचं निमित्त काढून शबदीज नावाच्या काळ्या घोड्यावर टाच मारते, ती थेट त्याच्या राजधानीकडे. तिकडून खुस्रोही तिच्या शोधात निघालेला असतो. वाटेत एका झऱ्यावर ती न्हात असताना तो तिला बघतोसुद्धा, पण दोघंही एकमेकांना न ओळखता पुढे जातात. हिंदी सिनेमाला आठशे वर्षं आधी मिळालेली पटकथा! पुढे दोघं भेटतात, तिच्या सख्यांचा संघ बादशहाच्या माणसांशी चौगान, म्हणजे पोलो, खेळतो. सगळं जुळतं, पण ती एका अटीवर अडते: आधी लग्न. आणि लग्नाच्याही आधी, बंडात गमावलेलं राज्य परत मिळव. खुस्रो रागावून रूमच्या कैसराकडे, म्हणजे बायझंटाईन सम्राटाकडे, जातो आणि फौजेच्या मदतीबरोबर त्याची मुलगी मरियमही करून आणतो.

या मधल्या काळात फरहाद येतो. शिरीनच्या गढीपासून कुरणं लांब, दूध यायला उशीर लागतो, म्हणून डोंगरातून दुधासाठी पाट कोरायला हा कारागीर बोलावलेला. त्याचं प्रेम खरं, यात वाद नाही. ती त्याला भेटायला पश्चिम इराणातल्या बिसोतूनच्या डोंगरावर जाते, स्वतःच्या हाताने दूध देते, तिचा घोडा कोसळतो तेव्हा तो तिला घोड्यासकट खांद्यावर उचलून घरी पोचवतो. खुस्रो ती मेल्याची खोटी बातमी पाठवून त्याचा काटा काढतो. शिरीन त्याच्यासाठी रडते, त्याच्या कबरीवर घुमट बांधते. पण प्रेम तिचं खुस्रोवरच. काय करणार, होतं असं.

माझ्या मते काव्याचा कळस पुढे आहे. मरियम वारली आहे, खुस्रो इस्फहानच्या शकर नावाच्या बाईकडे जाऊन आला आहे, आणि एका हिवाळी रात्री तो पिऊन शिरीनच्या गढीखाली येऊन उभा राहतो. ती दारं लावून घेते. म्हणजे अपमान नाही हं, बाहेर त्याच्यासाठी उंची बिछायत घालते, पाहुणचारात कसूर करत नाही, पण स्वतः गच्चीवर जाते आणि तिथून बोलते. तो खाली थंडीत घोड्यावर, ती वर. मी बादशहा आहे, तो म्हणतो. ती त्याला मरियमची, शकरची, फरहादची आठवण करून देते. दार उघडत नाही. पानंच्या पानं हा वाद चालतो आणि शेवटी बादशहा तसाच परततो. लग्न होतं ते त्यानंतर, रीतसर. बायको झाल्यावरही ती त्याला न्यायाने राज्य कर म्हणून सांगत राहते.

निजामीला ही बाई सापडली कुठे? त्याची बायको आफाक किपचाक नावाच्या तुर्की टोळीतली होती. दरबंदच्या राजाने दासी म्हणून पाठवलेली, त्याने तिच्याशी लग्न केलं. ती तरुणपणीच वारली. काव्याच्या अखेरीस तो स्वतःच सांगतो की शिरीनसाठी रडताना आपण आफाकसाठी रडतो आहोत.

इतिहासातली शिरीन खरीच होऊन गेली. दुसरा खुस्रो 590 ते 628 इराणच्या गादीवर होता, ती त्याची ख्रिस्ती राणी. तिला दिवस जावेत म्हणून या जरथुष्ट्री बादशहाने सीरियातल्या रुसाफाच्या संत सर्जियसला नवस केला आणि भेटी पाठवून फेडला, अशी नोंद बायझंटाईन इतिहासकारांनी ठेवली आहे. अखेर मात्र वाईट झाली. सावत्र मुलगा शिरूय याने बापाला आणि तिच्या मुलाला मारवलं. निजामीच्या आधी होऊन गेलेल्या फिरदौसीच्या 'शाहनामा'त तो मग तिलाच मागणी घालतो. ती सरदारांना जमवून भर सभेत विचारते, इतक्या वर्षांत माझ्याकडून काय वावगं झालं ते सांगा. सगळे तिची ग्वाही देतात. ती आपलं धन ताब्यात घेते, गुलामांना मुक्त करते, गोरगरिबांना वाटते, आणि नवऱ्याच्या कबरीपाशी जाऊन विष घेते. फिरदौसीत फरहाद नाहीच.

तो मोठा झाला नंतर. 1484 साली अलीशेर नवाईने चगताई तुर्कीत 'फरहाद व शिरीन' लिहिलं, खुस्रोच्या जागी फरहादला नायक करून. सोळाव्या शतकात वहशी बाफ्कीनेही फारशीत तेच केलं. बिसोतूनला आजही सुमारे 200 मीटर लांबीची सपाट तासलेली दरड दाखवतात, तिचं नावच 'फरहाद तराश'. तज्ज्ञ म्हणतात ते अपुरं राहिलेलं बादशाही काम असावं, बहुधा त्याच खुस्रोचं. गालिबला मात्र फरहादचं हे कौतुक मान्य नव्हतं. प्रेमही करायचं आणि प्रतिस्पर्ध्याच्या रंगमहालासाठी मजुरीही, असा टोमणा त्याने एका शेरात मारून ठेवला आहे. मी गालिबच्या बाजूने.

शिरीन नावाच्या ज्या बायका जगाला माहीत आहेत त्यांनाही कुणी फरहादबद्दल विचारत नसावं. शिरीन इबादी 1975 मध्ये तेहरानच्या शहर न्यायालयाच्या प्रमुख झाल्या. 1979 च्या क्रांतीनंतर बायकांना न्यायाधीशपदावरून उतरवलं आणि इबादींना त्यांच्याच न्यायालयात कारकून म्हणून बसवलं. वकिलीची सनद हाती यायला 1992 उजाडलं. 2003 मध्ये शांततेचं नोबेल मिळालं, आणि 2009 मध्ये इराणी अधिकाऱ्यांनी ते पदकही बँकेच्या लॉकरमधून काढून नेल्याचं नॉर्वे सरकारने जाहीर केलं. पॅलेस्टिनी वार्ताहर शिरीन अबू अकला 11 मे 2022 ला जेनिनमध्ये बातमी देताना गोळी लागून गेल्या. त्याही ख्रिस्ती. आपल्याकडची सांगायची तर मेहेरबाबांची आई, पुण्याच्या इराणी घरातल्या शिरीनबानू. मुलगा साधू झाला हे त्या माउलीला बराच काळ पचलं नव्हतं.

इराणी दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामीचा 2008 चा 'शिरीन' हा सिनेमा मिळाला तर बघा. पडद्यावर खुस्रो-शिरीनची गोष्ट चालू आहे, पण ती आपल्याला फक्त ऐकू येते. दिसतात ते ती बघणाऱ्या शंभरावर अभिनेत्रींचे चेहरे, एकामागून एक. माझ्या नवऱ्याला पंधराव्या मिनिटाला झोप लागली.

त्या पंगतीतल्या काकूंना नातीसाठी हे नाव हवं होतं, असं नंतर कळलं. खुशाल ठेवा म्हटलं. फक्त पुढे जावई रात्री पिऊन आला आणि ही दाराला कडी लावून गच्चीवरून बोलू लागली, तर मध्यस्थी करायला जाऊ नका.