एक शोची चढण

23 नोव्हेंबर, रविवार. रात्रीचे साडेनऊ.

गुडघ्याला हळद लावून बसले आहे. दिवसभर औषधांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात हिंडले आणि येताना साधं मलम आणायचं सुचलं नाही. ताकातोरी गावाची ही जुनी ओळख, तिथल्या रस्त्यावर औषधाच्या दुकानांच्या पाट्या अजून लटकतात. त्यांच्याकडे बघत बघत लंगडत स्टेशनवर आले. शहाणी मी.

ओसाकाहून सकाळी ताकातोरीचा डोंगरी किल्ला बघायला निघाले. आबेनोबाशीहून किन्तेत्सुची गाडी, तासाभरात त्सुबोसाकायामा. एवढंसं स्टेशन, उतरलो आम्ही सात-आठ जण, त्यातल्या निम्म्यांच्या हातात काठ्या. आज इथे श्रमाबद्दल कृतज्ञता व्यक्त करायची सरकारी सुट्टी. ती रविवारी आल्यामुळे उद्या बदली सुट्टी. त्यामुळे पाय दुखले तरी हरकत नाही असा हिशेब करूनच निघाले होते.

स्टेशनपासून किल्ल्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याचं नाव तोसा. तोसा म्हणजे तर शिकोकू बेटावरचा प्रांत, समुद्रापलीकडचा. इथे डोंगराच्या पोटाशी ते नाव आलं कुठून? सांगतात ते असं. फार पूर्वी राजधानी असुकाला होती, तेव्हा बांधकामाला तोसाहून मजूर आणले. काम संपलं, पण परत जायची सोय कुणी केली नाही. मग ते इथेच राहिले आणि वस्तीला आपल्या गावाचं नाव दिलं. हे वाचून मी रस्त्यातच जरा थांबले. ओसाकात मला सहा वर्षं झाली. पण माझ्याकडे परतीचं तिकीट काढायला ॲप आहे, त्यामुळे फार गळा काढण्यात अर्थ नाही.

गावातून पुढे जुन्या घराण्याचा लांबलचक दरवाजा लागतो, 1826 सालचा. खालची भिंत काळ्या फरशांची आणि सांध्यांवर चुन्याचे जाड पांढरे वळ. 1640 पासून हा किल्ला उएमुरा घराण्याकडे होता, 25,000 कोकूचे सरदार. कोकू म्हणजे तांदळाचं जुनं माप, सरदारांची ऐपत त्यात मोजायचे. डोंगरावर रोजचं जगणं जमेना म्हणून नंतर मंडळी खाली राहायला आली. म्हणजे किल्ला वर आणि बिऱ्हाड खाली. कामावर जायचं म्हणजे रोज डोंगर चढायचा. पायथ्यापासून माथा जवळजवळ 450 मीटर उंच. लोकलच्या गर्दीबद्दल पुन्हा कधी बोलणार नाही.

डांबरी रस्ता संपला आणि सूर्यच गेला. उंच, सरळसोट सुगी म्हणजे जपानी सीडरची झाडं, खाली ओला पाचोळा. आधी नानामागारी, म्हणजे सात वळणं. त्यानंतर लाकडाचा एक खांब, त्यावर नाव: इश्शोझाका. एक शोची चढण.

शो हे माप. इथे साकेची मोठी बाटली असते ना, 1.8 लिटरची, ती एक शोची. किल्ला बांधताना दगड वाहणाऱ्यांना हा चढ इतका जड जायचा की या टप्प्यासाठी त्यांना मजुरीवर एक शो तांदूळ जास्तीचा मिळायचा. म्हणून हे नाव.

माझ्या पाठीवर होतं काय? पाण्याची बाटली, दोन ओनिगिरी म्हणजे भाताचे मुटके, एक स्वेटर. तरी तिथे माझा श्वास चुकला. बाजूने पंचाहत्तरीचे एक आजोबा कमरेची घंटी वाजवत आले आणि 'सावकाश, सावकाश' म्हणत पुढे निघून गेले. मला अजिबात राग आला नाही, असं इथे लिहून ठेवते.

वर दुसऱ्या दरवाजाच्या अलीकडे सारुइशी, माकडदगड. गुडघ्याएवढा उंच, शेवाळलेला, तोंड धड माकडाचं नाही की माणसाचं नाही. ओठ दाबून हसल्यासारखा. हा मूळ असुकाचा, किल्ल्यापेक्षा कितीतरी शतकं जुना. बांधकामाला म्हणून वर आणला आणि भिंतीत न जाता वाटेच्या कडेला राहिला असं म्हणतात. कुणीतरी भिंतीत घालायच्या आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं असेल. आपण नसता घातला.

त्याच्या जरा पुढे चक्क पाण्याचा खंदक. डोंगरी किल्ल्यावर, जपानात तर फारच क्वचित. फोनला रेंज होती म्हणून लगेच बाबांना व्हिडिओ कॉल लावला, कारण त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"पाणी आहे का गं वर?"

"आहे. हे बघा."

"हे तर हिरवं आहे. टाकं नाही?"

"विहिरी आहेत म्हणे. पण टाकं नाही. कातळच नाही ना बाबा, माती आणि झाडं."

बाबांचे गुडघे आता वाईच्या घाटाच्या पायऱ्याही मोजून उतरतात. शाळेतली पोरं घेऊन त्यांनी निम्मा सह्याद्री पालथा घातला आहे. रायगडावर सगळे मेघडंबरीकडे धावायचे आणि बाबा आम्हाला आधी जगदीश्वराच्या पायरीशी नेऊन उभे करायचे. 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर.' वाचा मोठ्याने, म्हणायचे. बांधणाऱ्याचं नाव. आम्हाला भूक लागलेली असायची.

त्यांना फोनवरूनच तट दाखवले. इथे बुरूज गोल नसतात, सगळं काटकोनात. दगड फारसे न घडवता, चुना न घालता एकावर एक बसवलेले, फटींत बारीक चिपा. कोपऱ्यावर मात्र लांबट दगड, एकाचं लांब अंग डावीकडे, त्यावरच्याचं उजवीकडे, जशी आपण बोटं एकमेकांत गुंतवतो तसे. मी कोपऱ्याच्या दगडावर हात ठेवला, गार आणि किंचित ओला. वरून मेपलचं एक लालभडक पान येऊन त्याच फटीत अडकलं. सगळीकडे मेपल पेटले होते आणि सगळे त्यांचेच फोटो काढत होते. मीही काढले, चाळीस तरी.

होनमारू म्हणजे इथला बालेकिल्ला, उंची 583 मीटर. तीन मजली वाडा होता, आता नुसतं दगडी जोतं. 1580 मध्ये तेव्हाचा बलाढ्य सरदार नोबुनागा याच्या हुकमाने इथला आधीचा गड मोडला होता. पाच वर्षांनी, नोबुनागानंतर सत्तेवर आलेल्या हिदेयोशीचा भाऊ हिदेनागा या प्रांतात आला आणि मग त्याच्या माणसांनी हे दगडी प्रकरण उभारलं. तेव्हाच्या पांढऱ्या भिंती खालून बर्फासारख्या दिसायच्या, असं लोकांनी गाण्यात गुंफून ठेवलं आहे. मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सरकारने किल्ले निकालात काढले तेव्हा लाकूड गेलं. एक दरवाजा खालच्या देवळाने नेला, तो अजून तिथे उभा आहे. दगड कोण खाली नेणार? ते राहिले.

जोत्यावर बसून ओनिगिरी खाल्ल्या. उतरताना, बरोबर त्या एक शोच्या चढणीवर, पाचोळ्याखालच्या मुळावर पाय सरकला आणि गुडघा खरवडला. पाठीवर काही नसताना, खाली येताना.

संध्याकाळी बाबांचा परत फोन.

"ते एक शो म्हणजे नक्की किती?"

"दीड किलो तांदूळ साधारण."

"रोजच्या मजुरीत धरून, की वर?"

"वर."

"आणि ते सरदार किती कोकूचे म्हणालीस?"

"25,000. पण ते नंतरचे, बांधणारे दुसरे. एका कोकूत शंभर शो."

पलीकडे शांतता. बाबा कागदावर गुणाकार करत होते, पेन्सिलचा आवाज येत होता.

"पंचवीस लाख फेऱ्या," शेवटी म्हणाले. मग, "तो तांदूळ ते घरी नेत असतील का गं, का तिथेच शिजवून खात असतील?"

मला काय माहीत. आई मागून ओरडली, हळद लावलीस का ते विचारा आधी.

फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात गेले. राइस कुकरबरोबर येणारा कप एक गोचा असतो, 180 मिली. दहा गो म्हणजे एक शो. मोठ्या पातेल्यात मोजून दहा कप तांदूळ ओतले. पातेलं निम्म्याच्या जरा वर भरलं. दोन्ही हातांनी उचलून गॅसपासून खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. हे बक्षीस. दगड वेगळा.

मग नऊ कप परत डब्यात ओतले आणि एकाचा भात लावला. कुकर आत्ता वाजला.