दीड किलो पाय

घरगुती जेवणाची ऑर्डर घेताना मी दोन गोष्टी आधी विचारते: माणसं किती आणि शेगड्या किती. शिवाजी पार्कच्या त्या घरी माणसं अकरा, शेगड्या चार. वडिलांची पंचाहत्तरी होती आणि मुलगा सिएटलहून आला होता. फोनवर म्हणाला, “काकू, बाबांना कुर्ल्यांचा रस्सा लागतो. पण कुर्ल्या मी आणून ठेवल्यात. तुम्ही फक्त या.”

तिथेच माझे कान टवकारायला हवे होते. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, कोणी आणून ठेवत नाही. त्या जिवंत घ्यायच्या, दोरीने बांधलेल्या, आणि त्याच दिवशी मोडायच्या. कुर्ली मेली की मांस भराभर पाणचट होतं आणि वास सुटतो. म्हणून सकाळी माझे पाय आपोआप सिटीलाइटच्या बाजाराकडे वळले. नेहमीच्या मावशींकडून आठ चिंबोऱ्या, म्हणजे कुर्ल्याच, घेतल्या. त्या म्हणाल्या, “अवस जवळ आलीय, भरलेल्या हायत.” लागल्या तर लागल्या, नाहीतर माझ्या घरी खाणारे चौघं आहेतच.

मुलाने फ्रीजरमधून खोका काढला. आत दीड किलो नुसते पाय! अंग नाही, पाठ नाही. एकेक पाय माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब, आणि त्यावर बाभळीसारखे काटे. मदतीला आलेल्या माझ्या भाचीने उत्साहाने उचलायला घेतला आणि बोट चोखत बसली. आयात माल विकणाऱ्या दुकानातून त्याने मागवले होते. किंमत त्याने सांगितली नाही, पण बिल खोक्यालाच चिकटलेलं होतं. तेवढ्या पैशात मी महिनाभर चिंबोऱ्यांचं जेवण घातलं असतं.

“किंग क्रॅब,” तो म्हणाला. “तिकडे आम्ही नुसते वाफवून, बटर आणि लिंबाबरोबर खातो. पण बाबांसाठी याचाच रस्सा करा, थोडे पाय वाफवायला ठेवा.”

आता आमच्याकडे पायांचं काय करतात ते सांगायला हवं. डेंगे, म्हणजे पुढच्या मोठ्या नांग्या, ठेचून रश्शात सोडतात. अंगाचे दोन तुकडे. बारीक पाय मात्र कोणी खात बसत नाही. ते मोडून, थोडं पाणी घालून मिक्सरला फिरवायचे, पूर्वी पाट्यावर ठेचायचे, आणि फडक्यातून पिळून घ्यायचे. निघतो तो करडा, दुधासारखा रस. भाजलेल्या कांदाखोबऱ्याच्या वाटपाला उकळी आली की हा रस बारीक धारेने सोडायचा आणि डाव फिरवणं थांबवायचं नाही. रस उष्णतेने धरतो, रस्सा अंगाने जाड होतो. कुर्लीची खरी चव त्या फुकटच्या पायांत असते, असं माझी सासू म्हणायची, आणि या एका बाबतीत ती बरोबर होती.

तर सवयीने मी त्या परदेशी पायांची टोकं कात्रीने कापली (कवच दिसतं तेवढं कठीण नाही, कात्री सहज चालते) आणि मिक्सरमध्ये टाकली. पातं दोनदा अडकलं. तिसऱ्यांदा फिरलं. फडक्यात ओतून पिळलं तर खाली आलं साधं गढूळ पाणी आणि फडक्यात राहिला गुलाबी भुसा. पाणी जिभेला लावलं: खारट, समुद्राचं पाणी प्यायल्यासारखं. पळीभर उकळून पाहिलं. धरायचं नाव नाही.

मग मी पर्समधून चष्मा काढला. खोक्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: शिजवलेले, गोठवलेले.

पाय आधीपासून लाल होते हो! आमची चिंबोरी हिरवट, काळपट असते, चुलीवर चढल्यावर लाल होते. पंचवीस वर्षं कुर्ल्या मोडणाऱ्या बाईला हे खोका उघडताच कळायला हवं होतं. मी समजले, परदेशातली आहे, जन्मजात लाल असेल.

शिजलेलं मांस एकदा धरलं की धरलं. त्यातून कच्चा रस कुठून येणार? अर्धा किलोच्या आसपास माल मी भुसा करून टाकला होता आणि तो गिऱ्हाइकाचा होता. भाची म्हणाली, “आत्या, सांगू नकोस, आपल्या चिंबोऱ्यांचा रस्सा करून टाक.” रस्सा मी त्यांचाच करणार होते, पण न सांगता नाही. बाहेर जाऊन मुलाला बाजूला घेतलं, फडकं दाखवलं, म्हटलं, एवढ्याचे पैसे कापून घ्या. तो फडक्याकडे बघत राहिला आणि हसायला लागला. म्हणाला, “काकू, तिकडे बोटीवरून माल उतरला की कारखान्यातच पाय उकळतात आणि खाऱ्या पाण्यात गोठवतात. घरी आपण फक्त गरम करतो. मीच सांगायला हवं होतं.”

त्यानंतर काम सरळ होतं. चिंबोऱ्या अर्धा तास फ्रीजरमध्ये, म्हणजे सुस्तावतात आणि हाताला लागत नाहीत. जिवंत कुर्ली तशीच उकळत्या पाण्यात टाकली तर पाय झाडून टाकते. मग डेंगे, मग पाठ, मग कल्ले काढून फेकले. पायांचा रस दोन वाट्या निघाला आणि रस्सा धरला. उरलेल्या किंग क्रॅबमधले बहुतेक पाय सांध्यांवर तोडून मोदकपात्रात, सहा मिनिटं, मीठ अजिबात नाही.

बाबा देवगडचे. ताटात तो मोठा पाय बघून त्यांनी आधी खोक्यातला शिल्लक, बुडाशी जोडलेल्या पायांचा गड्डा मागवला आणि पाय मोजले. “एका बाजूक तीनच? चौथो खंय गेलो?”

मुलाने समजावलं की हा खरा खेकडा नाही, शंखात राहणाऱ्या खेकड्यांच्या कुळातला आहे. शेवटची जोडी अगदी लहान असते आणि कवचाखाली दडलेली असते.

“मगे ह्यो कुर्लो नाय,” बाबांनी निकाल दिला. तरी पाय कात्रीने उभा चिरून दिल्यावर आतली अखंड पांढरी कांडी त्यांनी बटरात बुडवून खाल्ली. गोड आहे म्हणाले. खरंच गोड होती. मीही स्वयंपाकघरात एक तुकडा चाखला. दात न लावता, काहीही न चोखता एवढं मांस तोंडात येतं याचं नवल वाटलं आणि किंचित अपुरंही वाटलं. मग बाबांनी वाटी पुढे केली. “आता रस्सो हाड.”

मुलाने पैसे कापले नाहीत. मिक्सर मात्र माझा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी जुना टूथब्रश घेऊन पात्याखालचे गुलाबी धागे काढत बसले होते. त्यातच एक काटाही निघाला.