गोणी वजनाची, फर्मा मापाचा

सिमेंटची 50 किलोची गोणी म्हणजे साधारण 35 लिटर. सैल सिमेंट घनमीटरला 1440 किलो धरतात. म्हणून वाळू-खडी मोजायचा खोका, म्हणजे फर्मा, आतून 40 × 35 × 25 सेंमी हवा. काँक्रीटच्या 1:1.5:3 मिश्रणात एका गोणीला वाळू दीड फर्मा, खडी तीन. सिमेंट फर्म्याने मोजू नका, अख्खी गोणीच ओता. घमेल्यांवर तर हिशेब सोडूच नका.

खरी गफलत ओल्या वाळूत होते, कारण ती फुगते. बरणीत 20 सेंमी वाळू भरा, मग पाण्यात ढवळून बसू द्या. 16 सेंमीवर आली तर फुगवटा 25 टक्के: दीडऐवजी जवळपास 1.9 फर्मे घ्या. नाहीतर वाळू कमी पडून काँक्रीटमध्ये पोकळ्या राहतात. वाळूतलं पाणीही गोणीमागे घालायच्या 25 लिटर पाण्यातून वजा करा.