नाकासमोर चालायचं नाही

आमच्याकडे माणसाचं कौतुक करायचं तर एकच वाक्य होतं, "नाकासमोर चालणारा आहे हो." इंदूरच्या रामबागेत वाढलेल्या आम्हा भावंडांना बहुधा या एका वाक्यासाठीच वाढवलं गेलं. मी ते पुरेपूर कमावलं. वीस वर्षं एकाच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं आणि नदी ओलांडणाऱ्या होडीचा तो वेगांचा त्रिकोण दर वर्षी त्याच फळ्यावर काढला. होडी पलीकडे पोचली की नाही, हे एकाही मुलानं कधी विचारलं नाही. मीही कधी बघायला गेले नाही.

पंचेचाळिशीनंतर मात्र डोकं फिरलं आणि मी विमान चालवायला शिकले. खासगी वैमानिकाच्या लायसन्ससाठी निदान ४० तास उडावं लागतं. मला त्याहून जास्त लागले, किती ते सांगत नाही. या लायसन्सवर भाडं घेऊन कुणाला नेता येत नाही, न्यायचंच तर फुकट न्यायचं. घरी हे सांगितलं तेव्हा नातेवाइकांना त्यातलं फक्त 'फुकट' ऐकू आलं.

पहिला नंबर आत्यानं लावला. वय ७१, गुडघे कुरकुरतात, पण कान आणि हौस दोन्ही शाबूत. "मला डोंगर दाखव वरून," म्हणाली, "आणि महेश्वर." मलाही नेमकं तेच हवं होतं. हिमालय वगैरे माझ्या आवाक्यातला नाही, पण आपल्या इंदूरच्या दाराशी विंध्य आहेच की. पावसाळ्यात आपण पाताळपाणीच्या धबधब्याला गर्दी करतो, भुट्टे खाऊन भिजून परत येतो आणि आपण एका डोंगराच्या काठावर जाऊन आलो हे विसरतो. त्यात आपली चूक नाही. इंदूरकडून तो डोंगर दिसतच नाही. माळवा सपाट चालत राहतो, महू मागे पडतं आणि जाम दरवाज्यापाशी जमीनच संपते. खाली निमाड, नर्मदेकाठचा सखल मुलूख.

हा दरवाजा अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधून घेतला. म्हणजे माझा सगळा मार्गच बाईंचा. निघायचं त्यांच्या नावाच्या विमानतळावरून, जायचं त्यांच्या दरवाज्यावरून आणि पोचायचं त्यांच्या राजधानीच्या डोक्यावर. त्यांच्या मेण्याला घाट उतरायला किती वेळ लागत असेल कोण जाणे. मला सरळ रेषेत ३५ नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे ६५ किलोमीटर. ९० नॉटच्या, म्हणजे तासाला ९० नॉटिकल मैलांच्या वेगानं २३ मिनिटं.

जेवणाच्या टेबलावर दहा लाखांस एक या प्रमाणाचा नकाशा पसरला. त्यावर १ सेंटिमीटर म्हणजे १० किलोमीटर, तेव्हा अख्खा प्रवास साडेसहा सेंटिमीटरचा. या साडेसहा सेंटिमीटरवर माझे तीन रविवार गेले आणि घरच्यांनी तीन रविवार ताटं मांडीवर घेऊन जेवण केलं. पट्टी, कोनमापक, वाऱ्याचा हिशेब करायची ती गोल सरकपट्टी, आणि फळ्यावरचा तोच जुना त्रिकोण. फक्त या वेळी होडीत मी बसणार होते.

रेघ मारली. छान सरळ आली, डोंगराची कड काटकोनात कापून थेट घाटावर. मला उडायला शिकवणाऱ्या सरांना दाखवली. सर हिंदीत बोलतात आणि कमी बोलतात. रेघेकडे बघून एवढंच म्हणाले, "मैडम, मुड़ना कहाँ है?"

"महेश्वर में, सर."

"वो तो पहुँच गईं तो."

मग त्यांनी माझी पेन्सिल घेतली आणि रेघ कडेपाशी वाकडी केली. डोंगराची कड कधी काटकोनात गाठायची नाही. ४५ अंशांत, तिरकं जायचं. कडेपाशी हवा खाली ओढायला लागली, तर तिरक्या आलेल्याला थोडंसं वळलं तरी निसटता येतं. नाकासमोर आलेल्याला सगळंच वळण घ्यावं लागतं, तेही डोंगराकडे सरकत सरकत. मला आजोबा आठवले. त्यांच्या शिकवणीतला हा एवढा अपवाद त्यांना कुणी सांगितला नसणार.

जाताना तसं काहीच अवघड नाही. आपण आहोत त्याच उंचीवर राहिलो तरी जमीन खाली निघून जाते आणि पायाखाली फुकटची उंची जमा होते. गोष्ट परतीची आहे. महेश्वर समुद्रसपाटीपासून जेमतेम पाचशे फुटांवर, आणि वाटेतल्या जानापाव डोंगराचा माथा २,८०० च्या आसपास. इंदूरहून न दिसणारा विंध्य निमाडातून बघितला तर भिंतीसारखा उभा असतो. शिवाय हिवाळ्यात आपल्याकडचा वारा बराचसा उत्तरेकडून. तो पठारावरून निवांत येतो आणि कडेवरून निमाडात कोसळतो. महेश्वरजवळची सहस्रधारा ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे लगेच कळेल. खडकावर चढेपर्यंत पाणी गुळगुळीत, उतरलं की फेसच फेस. वाऱ्याचंही तसंच, फक्त त्याचा फेस दिसत नाही. म्हणजे मी घरी यायला निघणार, विमानाचं नाक वर करणार आणि नेमकी त्याच जागी हवा मला खाली ढकलणार. आमचं लहान विमान मिनिटाला चार-पाचशे फूट चढतं. हवा त्याहून जोरानं उतरत असेल तर नाक आकाशाकडे ठेवून विमान खाली येतं. वर्गात मी हे सापेक्ष वेगाचं उदाहरण म्हणून आनंदानं दिलं असतं.

यावरचा उपाय ऐकून मी जरा खट्टूच झाले, इतका तो साधा होता. डोंगर चढायला डोंगरापाशी जायचंच नाही. उंची आधीच, नदीजवळच्या मोकळ्या निमाडावर गोल फिरून मिळवायची, ४,५०० फूट झाले की मगच उत्तरेला तोंड करायचं. आणि जवळ जाताना नजर कडेवर नाही, कडेच्या पलीकडच्या शेतांवर ठेवायची. ती जास्त जास्त दिसू लागली तर आपण वरून जाणार. कडेआड बुडायला लागली तर आपण खाली चाललोय, तिथूनच वळायचं. सरांचं "मुड़ना" म्हणजे ते.

त्या रात्री उत्साहाच्या भरात मी वळणाची त्रिज्याही काढली. ७० नॉटचा वेग आणि ३० अंशांचा कल असेल तर सुमारे ७५० फूट, १०० नॉटला १,५०० च्या वर. वेग दीडपटही झाला नाही आणि त्रिज्या दुप्पट. वेगाच्या वर्गाचा महिमा. म्हणून अरुंद दरीत हळू उडायचं, एका बाजूला धरून उडायचं, म्हणजे वळायला दुसरी बाजू मोकळी राहते. हे सगळं वहीत नीट लिहून मोठ्या समाधानानं झोपले. सकाळी चहा घेताना लक्षात आलं की जाम दरवाजा आणि नर्मदा यांच्यामध्ये कित्येक किलोमीटर उघडा निमाड पडलाय. तिथे विमान काय, घोडा-बँडसकट वरात वळेल. हिमालयाचं गणित मी विंध्याला लावत बसले होते.

इथवर सगळं विज्ञान होतं. मग आत्या नकाशा बघायला आली.

आत्याची नर्मदा परिक्रमा चालू आहे. सलग नाही, जमेल तशी, टप्प्याटप्प्यानं, गुडघ्यांना विचारून. पण संकल्प सोडलेला आहे आणि परिक्रमा पूर्ण होईतो नर्मदा ओलांडायची नाही, हा नियम. मी महेश्वरहून ओंकारेश्वर करून परत यायचं ठरवलं होतं, सगळा मिळून सुमारे १०० नॉटिकल मैलांचा त्रिकोण. आत्यानं बोट ठेवलं. "हे कुठे चाललंय?" ओंकारेश्वरचं मंदिर बेटावर. परिक्रमावासी तिथे जात नाहीत, कारण जायचं म्हणजे धार ओलांडायची. ओंकाराला जल चढवायचं ते परिक्रमा पुरी झाल्यावर.

"अगं, आपण साडेचार हजार फुटांवर असू."

"ओलांडणं ते ओलांडणं. फूट कुणी विचारलेत?"

विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या डीजीसीएकडे याला उत्तर नाही. ओंकारेश्वर खोडलं. उरलं महेश्वर, तेही उत्तर तटावरूनच. त्यात परिक्रमेचा दुसरा नियम असा की मैया कायम उजव्या हाताला हवी. इकडे सरांची शिकवण उलटी. नदी, रस्ता, रूळ काहीही धरून उडायचं तर त्याच्या उजव्या अंगानं, म्हणजे ती खूण डावीकडे बसलेल्या वैमानिकाला खिडकीतून दिसत राहते. मी दोन दिवस विचार केला. उत्तर तटावरून पूर्वेला, मंडलेश्वरच्या दिशेनं उडालं तर नदी उजवीकडे येते, आणि आत्याही उजव्याच सीटवर. सरांना भीत भीत सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "ठीक है, किनारे से दूरी ज़्यादा रखना." कुणाच्याही श्रद्धेला किती नॉटिकल मैल सोडायचे, याचा हिशेब त्या माणसाकडे तयार होता.

आत्याचा पुढचा आग्रह मे महिन्याचा. नातवंडं सुट्टीला येतात, त्यांनाही ने. आता हे कसं समजवावं? इंदूरचा विमानतळ १,८५० फुटांवर आहे. त्या उंचीला प्रमाण तापमान ११ अंशांच्या आसपास धरतात. मे मध्ये ४१ असलं तर ३० अंश जादा, आणि दर जादा अंशाला हवा सुमारे १२० फूट वरच्यासारखी विरळ होते. बेरीज साडेपाच हजारांच्या घरात. म्हणजे आपण विमानतळाशेजारच्या बिजासनच्या टेकडीजवळ उभे असतो आणि विमानाला वाटतं आपण पचमढीच्या धूपगडाहूनही हजार फूट वर आहोत. धावपट्टी भरपूर लांब आहे, तिची चिंता नाही. पण असं दमलेलं विमान परत येताना विंध्य कसा चढणार? शिवाय एप्रिलपासून नरवाई, म्हणजे कापणीनंतरचे खुंट, जाळतात, त्या धुरात डोंगर शोधावा लागतो. आत्यानं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे त्यालाही उन्हाळा सोसत नाही. सरळ सांग की." जानेवारी ठरला.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. उड्डाणाआधी फ्लाइट प्लॅन भरून दोन क्रमांक घ्यावे लागतात, त्यांतला एक हवाई संरक्षणाचा. आत्या हे ऐकून फार खूश झाली. "म्हणजे मी निघाले हे हवाई दलाला कळणार?"

आता वजन. विमानात सीट चार, पण टाकी पूर्ण भरली तर माणसं तीनच, हे आमच्या क्लबच्या विमानाचं गणित. विमानाचं हे निळसर रंगाचं पेट्रोल २०२२ पर्यंत बाहेरून यायचं, आता बडोद्याच्या रिफायनरीत होतं. पण कुठलंही असलं तरी लिटरला पाऊण किलोच्या जवळपास भरतं. तेव्हा प्रत्येक माणसाचं खरं वजन हवं. आत्या म्हणाली, "५८ लिही." मी तिला गोड बोलून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेलं आणि गोणी तोलायच्या काट्यावर उभं केलं. ६४.

"हा काटा गव्हाचा आहे," आत्या म्हणाली.

मी ६४ लिहिलं. घरी येताना ती गप्प होती. मग अचानक तिनं विचारलं, "आणि महेश्वरला उतरायचं कुठे?" उतरायचं नाही, वरूनच परत यायचं, असं मी म्हटलं तेव्हा ती रस्त्यात थांबली. पाय टेकायचे नाहीत, स्नान नाही, दर्शन नाही, एक साडीसुद्धा बघायची नाही, मग जायचं कशाला? तीन रविवारांत हा प्रश्न मला पडला नव्हता. सरांनाही नाही.

तरी ती तयार झाली. रविवारी पहाटे साडेपाचला मी हवामान बघितलं. धुकं. दृश्यमानता दीड हजार मीटर, आम्हाला लागतात पाच हजार. ऊन वर येईल तसं निवळेल, पण तोवर वाराही उठेल आणि कडेवरची हवा उकळायला लागेल. सरांना फोन केला, ते म्हणाले, "मुड़ गईं? अच्छा किया." घराच्या गेटमधूनही बाहेर पडले नव्हते मी.

मग आत्याला फोन. पहिल्याच रिंगला उचलला. आज नाही, असं सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "डबा भरून ठेवलाय. पोहे, सेव वेगळी, चार थालिपीठं. एक किलो दोनशे. काट्यावर ठेवून आणलाय काल, तुझ्या त्या कागदात लिहून घे."