न्हावा-शेवाला खजुराचा कंटेनर सोडवायला जाताय?

आधी निकाल सांगतो, मग हकिकत. अन्नसुरक्षेची तपासणी कडक आहे, पण सरळ आहे. खिसा कापतं ते यार्ड, म्हणजे कंटेनर सुटेपर्यंत जिथे पडून असतो ती जागा. आम्हाला मात्र जाण्याआधी जो तो उलटंच सांगत होता: "साहेब लोकांना सांभाळा, यार्डात काय, हमाल आणि ताडपत्री."

मी चिपळूणचा. सुक्या मेव्याचा होलसेल धंदा. रमजानच्या आधी आखातातून थेट खजूर उतरवायचा, वाशीच्या व्यापाऱ्याचं मधलं मार्जिन वाचवायचं, असा मी आणि आतेभावाने बेत केला. 40 फुटी रीफर (थंड ठेवणारा कंटेनर), 500 ग्रॅमची पाकिटं. आयईसी (आयात-निर्यातीचा सरकारी कोड), एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, केंद्रीय लायसन्स आणि बरा सीएचए (कस्टमची कामं करणारा एजंट) तुमच्याकडे आहे असं धरूनच पुढचं लिहितोय. नसेल तर आधी ते करा.

पोचायचं कसं? कोकण रेल्वेने पनवेल, तिथून लोकलने बेलापूर, बेलापूरहून उरण लाईन. जानेवारी 2024 पासून ती थेट उरणपर्यंत जाते. गाड्या विरळ आहेत, वेळापत्रक बघूनच निघा. मुंबईकडून येणाऱ्यांना अटल सेतू आहे. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँचही आहे, पण ओहोटीच्या वेळी तिच्या भरवशावर अपॉइंटमेंट घेऊ नका. स्वतःच्या गाडीने मुंबई-गोवा हायवेवरून यायचं ठरवलंत तर माणगावच्या ट्रॅफिकबद्दल मी वेगळं काय सांगणार? पळस्प्याहून जेएनपीटी रस्त्याला लागलं की पुढे सगळे ट्रेलर. जासईवरून जाताना 1984 च्या आंदोलनाची आठवण निघालीच. बंदर आणि नवी मुंबई ज्यांच्या जमिनीवर उभी राहिली त्यातले पाच शेतकरी तेव्हा गोळीबारात गेले. आज त्याच रस्त्याकडेने ट्रेलरवाले चहा पीत उभे असतात.

स्टेशनपासून सीएफएसपर्यंत (तेच ते कंटेनरचं यार्ड) चालत जायचा विचार डोक्यातून काढून टाका. फूटपाथ नाही, सावली नाही, दोन्ही बाजूंना ट्रेलर उभे आणि मधून सुटणारे वेगळेच. बंद बूट घाला, हेल्मेट आणि रिफ्लेक्टर जॅकेट स्वतःचं न्या. गेटवर ते भाड्याने देणारा एक जण बसलेला होता आणि त्याचा भाव ऐकून आतेभाऊ म्हणाला, "एवढ्यात तर चिपळुणात नवीन येईल."

पहिला घोळ ऑफिसचा. एका जुन्या जाणत्याने आम्हाला पोर्ट हेल्थला, म्हणजे बंदराच्या आरोग्य कार्यालयात, पाठवलं. पूर्वी खाद्यमालाचे नमुने तेच घ्यायचे, त्यामुळे जुनी मंडळी अजून तेच नाव घेतात. पोर्ट हेल्थचं मुख्य काम जहाजाचं आणि माणसांचं: कुठल्या बंदरावरून आलात, जहाजावर कोणी आजारी आहे का, पीतज्वराची लस, सहा महिने चालणारं जहाजाच्या स्वच्छतेचं सर्टिफिकेट. आमच्या गावचे बोटीवर जाणारे सगळे त्यांना ओळखतात. खजुराशी संबंध एफएसएसएआयच्या अधिकाऱ्याचा, आणि शेतमाल म्हणून प्लँट क्वारंटाईनचा (कीड-रोग तपासणारं खातं). अर्ज सिंगल विंडोतून, म्हणजे कस्टमच्या एकाच ऑनलाईन खिडकीतून, एकदाच जातो म्हणून दोन्ही अधिकारी एकत्र येतात असं समजू नका. दोघांची वेळ वेगळी. सीएचएच्या मागे लागून दोन्ही तपासण्या एकाच दिवशी बसवा. रीफरचं दार दोनदा उघडलं की बिलही दोनदा आणि थंडावाही दोनदा जातो. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटवरचं (माल कीडमुक्त असल्याचा पाठवणाऱ्या देशाचा दाखला) मालाचं वर्णन, वजन आणि कार्टनची संख्या बिल ऑफ एंट्रीशी (कस्टमला द्यायचा आयातीचा कागद) तंतोतंत जुळवून ठेवा.

आता मुख्य दुखणं.

सप्लायरच्या माणसाने छातीठोक सांगितलं होतं की इम्पोर्टरचं नाव-पत्ता पाकिटावर छापायची गरज नाही, "इंडियात स्टिकर लावून देतात, किरकोळ काम आहे." अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त घातक. इम्पोर्टरचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो आणि लायसन्स नंबर, शाकाहाराचा हिरवा ठिपका एवढ्या गोष्टी इथे स्टिकर लावून दुरुस्त करायला परवानगी मिळते. उत्पादनाची तारीख, एक्स्पायरी, बॅच नंबर नसेल तर स्टिकर चालत नाही, माल नापास. आमच्यात तारखा होत्या, म्हणून वाचलो. पण स्टिकर लावायचे ते कस्टमच्या ताब्यात असलेल्या यार्डातच, त्यांच्याच कंत्राटदाराच्या माणसांकडून आणि त्यांच्याच दराने. मग अधिकारी पुन्हा बघणार. तोपर्यंत ग्राउंड रेंट (यार्डातल्या जागेचं भाडं), शिपिंग लाईनचं डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार) आणि रीफरचा प्लग (थंड ठेवायची वीज), तिन्ही मीटर चालू.

हिशोब मांडतो. 25 टन माल म्हणजे 50,000 पाकिटं. वीस पाकिटांचं एक कार्टन, म्हणजे 2,500 कार्टन. यार्डातल्या माणसाने तोंडी दर सांगितला, "कार्टनला दहा रुपये." म्हणजे 25,000. परवडलं म्हटलं आम्ही. बिल आलं ते पाकिटाला 2 रुपये, म्हणजे एक लाख! वर कार्टन उघडणे वेगळं, पुन्हा टेप मारणे वेगळं, आणि "सुपरव्हिजन" नावाची एक रक्कम, जिच्याबद्दल विचारलं की समोरचा फोनवर बोलायला बाहेर जायचा. शेवटी भांडून मध्यावर आलो. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

तेव्हा जहाजात माल चढण्याआधी पाकिटाच्या चारी बाजूंचे फोटो मागवा. लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत हवं, नुसतं अरबी चालणार नाही. एमआरपी बघा. चाळीस-पन्नास पैशांची छपाई तिकडेच करून घ्या. तरीही स्टिकर लावायची वेळ आलीच, तर दर लेखी घ्या आणि "नग" म्हणजे कार्टन की पाकीट हे त्यातच लिहून घ्या. लेखी देत नसेल तर मेल करा आणि "ओके" असं उत्तर येईपर्यंत सील कापू देऊ नका.

एक्स्पायरीचा नियमही आधीच बघा. माल सोडताना शेल्फ लाईफचे किमान 60 टक्के, किंवा एक्स्पायरीला 3 महिने, यातलं जे कमी ते शिल्लक लागतं. सप्लायर स्वस्तात देतो तो माल बहुतेक याच काठावरचा असतो.

नमुने घेणारा अधिकारी तरुण होता, फटकळ होता आणि बरोबर होता. त्याने दाराजवळचे कार्टन बाजूला करायला लावून आतले काढले, फोटो घेतले, नमुन्याचे दोन भाग करून सील केले. एक लॅबला, दुसरा राखून. पहिला नापास झाला आणि तुम्ही दाद मागितली तर तो दुसरा रेफरल लॅबकडे (वरच्या, फेरतपासणीच्या लॅबकडे) जातो. सीलवर तुमच्या माणसाची सही होण्याआधी बॅच नंबर स्वतः वाचा. लॅबला अहवालासाठी पाच दिवस असतात. त्या दिवसांत तिथे बसून काही होत नाही, घरी जा. आम्ही राहिलो. पिरवाडीचा किनारा पाहिला, मासे खाल्ले, बरं होतं.

एनओसी, म्हणजे एफएसएसएआयचं ना-हरकत पत्र, मोबाईलवर आली तेव्हा आतेभावाने यार्डातच मला मिठी मारली, आणि त्या भरात मी पुढच्या वर्षी दोन कंटेनर आणायचं बोलून बसलो. आज विचाराल तर एकच, तोही छापील लेबलचा.

आउट ऑफ चार्ज (माल न्यायला कस्टमची शेवटची परवानगी) झाल्यावर पैसे भरायची घाई करू नका, दमलेले असलात तरी. बिलाची ओळ न् ओळ वाचा. रीफर प्लगचे तास गेट पासवरच्या वेळेशी ताडून बघा. आमच्या बिलात गाडी गेटबाहेर पडल्यानंतरचे तासही लावलेले होते. गेट पास पुढे ठेवला, काही न बोलता त्यांनी कापून दिले.